वरच्या खोलीचं कोमट पाणी

मी मरता मरता वाचले असं म्हटलं की बनारसमध्ये लोक आधी विचारतात, "डेंगू?" नाही म्हटलं की, "टायफॉइड?" तेही नाही म्हटलं की चेहरे पडतात, जणू मी काहीतरी लपवतेय. मग मी सांगते की मला निमोनिया झाला होता आणि तो माझ्याच घरच्या न्हाणीघरात झाला होता. "नहाने से भी कोई बीमार पड़ता है, भाभी?" पडतं. म्हणून हे लिहायला बसले. ज्यांची धर्मशाळा आहे, लॉज आहे, जे चार खोल्या भाड्यानं देतात, किंवा ज्यांच्या घरातलं एखादं न्हाणीघर महिनोन्‌महिने बंद असतं, त्यांनी वाचावं. औषधांची नावं विचारू नका, मला ती आठवत नाहीत. बाकी सगळं आठवतं, आणि अजून स्वस्थ बसू देत नाही.

आमचं घर

राजा घाटाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो. सासऱ्यांच्या आधीपासून आमच्याकडे महाराष्ट्रातले यात्रेकरू उतरतात. धाकटे दीर, माधवभाऊजी, त्यांचे विधी करतात. राहणं-जेवणं मी बघते. माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि घरात कोणी भांडायला लागलं की पेपर उघडतात. मुलगी मुक्ता बँकेत आहे. ती मराठीत सुरू होते आणि रागावली की हिंदीत संपते.

पितृपक्षात आमचं घर भरतं. तेव्हा गंगा चढलेली असते, पायऱ्या पाण्याखाली, चिखल. म्हाताऱ्या माणसांना घाटावर उतरवायची आमची हिंमत होत नाही. मग आमच्या घरचा एक रिवाज आहे. भाऊजी गंगेतून कलश भरून आणतात, मंत्र म्हणतात आणि गच्चीवरच्या टाकीत ओततात. म्हणजे नळाखाली बसलं तरी गंगास्नान. यात्रेकरू खूश, आम्ही खूश. सोलर बसवल्यापासून भाऊजी थेट त्या गरम पाण्याच्या टाकीतच कलश ओतायला लागले, कारण अंघोळीचं पाणी तिथलं.

आणि ज्या टाकीत गंगाजल आहे तिच्यात ब्लीचिंग घालायचं नाही. "गंगेत कोणी औषध घालतं का, वहिनी?" असं भाऊजींनी एकदा विचारलं आणि मला ते पटलं. टाकी रिकामीही करायची नाही, कारण गंगाजल कुजत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. चैत्रानंतर यात्रेकरू नसतात आणि आम्ही घरचे खालीच बादलीनं अंघोळ करतो, त्यामुळे चैत्रातल्या गर्दीत ओतलेला कलश भाद्रपदापर्यंत टाकीतच होता.

वरची खोली उन्हाळ्यात तापते, म्हणून ती तेव्हापासून बंद होती. पक्षाच्या आधी मी ती उघडली. सांगलीच्या इंदूकाकू दरवर्षी नवऱ्याच्या श्राद्धाला येतात, पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, दमा आहे. त्यांना हीच खोली लागते, कारण खाली कीर्तनाचा आवाज येतो. मी न्हाणीघर घासलं, शॉवर सोडला, पाणी नीट येतंय का ते बघायला तिथेच उभी राहिले. आधी लालसर पाणी आलं, मग साफ आलं. पावसाळ्यामुळे कडक नव्हतं, कोमट होतं. कंबर भरून आली होती, म्हणून मी तिथेच अंघोळ उरकली. फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ताप

पाहुणे आले आणि मी पडले. आधी डोकं, मग हाडं मोडून आल्यासारखी, मग ताप. जुलाब लागले म्हणून मी म्हटलं काहीतरी खाण्यातलं असेल. खोकला आला तो शेवटी. मी काढे घेतले, दोन वेळचा स्वयंपाक केला, काकूंची खोली लावून दिली आणि स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीला धरून खाली बसले. मुक्ता म्हणते, मी तिला ओळखलं नाही. मी तिला म्हणाले, "बाई, तुमचं बुकिंग नाहीये."

दवाखान्यात नेलं तेव्हा माझा श्वास पुरत नव्हता. त्या भीतीबद्दल लोक फार बोलत नाहीत. छातीत दुखत असेल तर दुखतंय तरी म्हणता येतं. श्वास पुरत नसला की बोलायलाच हवा उरत नाही. नाकातोंडावर मास्क लावला आणि मला वाटलं, झालं, आपलं आवरलं. चादरी मोजायच्या राहिल्यात, एवढंच डोक्यात. मला त्या वेळी देव आठवला नाही, नवराही नाही. चादरी आठवल्या.

त्या आजारात डोकं फिरतं. हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. मी नर्सला सांगत होते की वरच्या खोलीत उशी कमी आहे. हे म्हणायचे, "ठेवली गं उशी." मी म्हणायचे गॅस बंद करा, हे म्हणायचे, "केला." आजारी माणसाशी असंच बोलतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच बोलले असते.

निदान

डॉक्टरीणबाई लहान चणीची होती, घाईची होती, पण खुर्ची ओढून बसली. लघवीच्या तपासणीत सापडलं म्हणाली. लिजिओनेला नावाचा जंतू. माणसाकडून माणसाला होत नाही, पाण्यातून येतो. पिऊन नाही, पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून, श्वासाबरोबर आत जातो. "कहीं होटल में रुकी थीं? कहीं सफ़र?"

हे म्हणाले, "ही कुठे जात नाही हो. आमचंच यात्रीनिवास आहे."

मग डॉक्टरीणबाईनं विचारलं, गरम पाण्याची टाकी आहे का, शॉवर आहेत का, एखादी खोली बंद होती का. तिन्हीला हो. ती म्हणाली, तपासणी होईपर्यंत ते पाणी कोणाला वापरू देऊ नका, विशेषतः म्हाताऱ्यांना आणि दमेकऱ्यांना.

मला ताप होता, पण हे मी ऐकलं. काकू वरच्या खोलीत होत्या. रोज पहाटे त्या शॉवरखाली उभ्या राहत होत्या. मी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "पाणी बंद करा. वरचं. काकूंचं."

"केलं गं," हे म्हणाले आणि माझा हात थोपटला.

अगदी उशीसारखंच म्हणाले. मला तो सूर ओळखू आला आणि मी घाबरले. पुन्हा सांगितलं. पुन्हा "हो हो, केलं." मुक्ताला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू बस आराम कर, पापा देख लेंगे." माझ्या आयुष्यात मी इतकी बडबड केली आहे, पण जेव्हा एक वाक्य खरंच ऐकलं जायला हवं होतं तेव्हा सगळे माझी समजूत काढत होते.

वॉर्डातले दिवस

पहाटे रक्त काढायला येतात. मग चादर बदलतात, मग चहा, तोही आपला नाही, शेजारणीचा. मग डॉक्टरांची फेरी. त्यानंतर दिवस संपत नाही. मी छताकडे बघायचे आणि घरातले नळ आठवायचे. मधल्या मजल्यावर दोन शॉवर. वरती एक. गच्चीवर एक जुना नळ, तो कोणी उघडतच नाही. कोण कुठे अंघोळ करत असेल? झोपले की स्वप्नात पाणी पडायचं.

चांगलंही झालं काही. एक नर्स होती, केरळची. तिनं माझे गुंतलेले केस सोडवून वेणी घातली, न सांगता. मी रडले. ती म्हणाली, "दर्द हुआ?" मी म्हटलं नाही, आणि आणखी रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातू मोसंब्याचा रस आणायचा, त्यातला अर्धा मला द्यायचा. मास्क काढून नाकातली नळी लावली त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर शिव्या दिल्या, आणि ह्यांना इतकं बरं वाटलं की ते बाहेर जाऊन पेढे घेऊन आले.

काकू भेटायला आल्या

डोकं ताळ्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. इंदूकाकू माधवभाऊजींबरोबर मला बघायला आल्या. धुतलेलं पातळ, ओले केस मागे गाठ मारलेले, हातात द्रोणभर प्रसाद. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वैजू, तू लवकर घरी ये गं. बाकी तुझ्या त्या न्हाणीघराचं सुख काय सांगू. सकाळी शॉवरखाली उभी राहिले की अर्धा तास हलवत नाही. गुडघेच मोकळे होतात."

मी भाऊजींकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते.

"पाणी बंद नाही केलं?" मी विचारलं.

"वहिनी, पक्ष चालू आहे," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "घर भरलंय. पाणी बंद केलं तर लोक विचारतील का. एकदा नाव गेलं की सांगली, सातारा, नांदेड, सगळीकडे जातं. पक्ष उलटला की बघू म्हणून दादाला मीच सांगितलं. आणि वहिनी, त्या टाकीत गंगाजल आहे."

खरं सांगते, उठता आलं असतं तर मी त्यांच्या कानाखाली वाजवली असती. वयानं लहान आहेत, मी लग्न होऊन आले तेव्हा चड्डीत होते. पण त्यांची भीतीही मला कळत होती. आमचं पोट त्याच लोकांवर आहे.

मी काकूंचा हात धरला. "काकू, मी आजारी पडले ती त्या शॉवरनं. त्या पाण्यात जंतू आहे. डॉक्टरांनी पाणी बंद करायला सांगितलं होतं, आमच्या लोकांनी केलं नाही. आजपासून तिथे अंघोळ करायची नाही. आणि इथेच छाती दाखवून जा."

काकू हसून म्हणाल्या, "मला काही होत नाही गं. आणि मेले तर काशीत मेले. यासारखं मरण कुठे मिळायचं?"

"मरायचंच असेल तर गंगेवर मरा, काकू. माझ्या शॉवरखाली नाही."

शेजारच्या खाटेवरची बाई मराठी येत नसतानाही वळून बघायला लागली. मला खोकल्याची उबळ आली, नर्स धावली, भाऊजींना बाहेर काढलं. पण काकूंना ऐकू गेलं होतं. घरी जाऊन त्यांनीच सगळ्या यात्रेकरूंना जेवणाच्या पंगतीत सांगितलं, भाऊजींच्या तोंडावर. कोणी बोंब मारली नाही. दोन कुटुंबं दुसरीकडे गेली, बाकीचे राहिले आणि खालच्या हातपंपाचं पाणी चुलीवर तापवून बादलीनं अंघोळ करायला लागले. नाव जाणार म्हणून जी भीती होती ती एवढीशी निघाली. पण हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

छाती मात्र काकूंनी दाखवली नाही. तिथी झाल्यावर बघू म्हणाल्या. द्वादशीला श्राद्ध होतं आणि आदल्या दिवशी मुलगा पुण्याहून येणार होता.

तपासणी

मला घरी सोडलं त्याच आठवड्यात मुक्तानं लखनौहून एक बाई बोलावली. इमारतींचं पाणी तपासणं हेच तिचं काम, हॉस्पिटलांचं आणि मोठ्या हॉटेलांचं करते. आमच्यासारख्यांकडे ती क्वचित येते, कारण आमच्यासारखे बोलावत नाहीत. बोलायला फटकळ होती, मला आवडली. मी प्रत्येक जिन्यावर बसत बसत तिच्या मागे वर गेले, कारण खाली बसून राहणं मला जमलं नसतं.

तिनं नळाखाली हात धरून पाणी जोखलं, थर्मामीटर घातला, शॉवरची चाळणी उघडली. आत पांढरा थर आणि त्यावर काळपट बुळबुळीत चिखल. मी दर आठवड्याला ती चाळणी बाहेरून चकचकीत पुसत होते. मग ती गच्चीवर गेली आणि त्या न उघडणाऱ्या जुन्या नळाची पाइप बघून म्हणाली, पाणी इथे येऊन नुसतं साचतं आणि जंतू इथून परत सगळ्या घरात जातात. ही पाइप तोडून टाका.

"टाकीत काही घालता?" तिनं विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले.

"गंगाजल," मुक्ता म्हणाली. "काका, बता दीजिए ना."

भाऊजींनी सांगितलं, आणि गंगाजल कुजत नाही हेही सांगितलं. बाई शांतपणे म्हणाली, "पंडितजी, मैं गंगा जी की जाँच करने नहीं आई हूँ, आपकी टंकी की करने आई हूँ." कलशात काय होतं ते तिला माहीत नाही, पण टाकीत कलशभर गंगा आणि बाकी सगळं बोअरचं पाणी आहे, तेही उन्हाळाभर हललेलं नाही, आणि पावसाळ्यात ना थंड ना गरम. या जंतूला हेच हवं असतं. ब्लीचिंग घातलं नाही, टाकी धुतली नाही, कारण ती पवित्र होती. भाऊजींनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली. त्यांनी कलश ओतला होता तो त्या म्हाताऱ्यांना पुण्य मिळावं म्हणूनच.

तिनं जे सांगितलं ते आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी लिहून ठेवते. गरम पाण्याची टाकी खरंच गरम ठेवायची, हात ठेववणार नाही अशी, आणि पाणी नळाशी येताना थंड मिसळायचं. बंद खोलीचे नळ दर आठवड्याला सोडून पाणी जाऊ द्यायचं, पण तोंडाला फडकं बांधून आणि खिडकी उघडून, माझ्यासारखं शॉवरखाली उभं राहून नाही. शॉवरची चाळणी काढून आतून धुवायची. वापरात नसलेली पाइप ठेवायची नाही. आणि टाकीत काय घालता असं कोणी विचारलं तर खरं सांगायचं. तपासणीत जंतू सापडला, सगळ्यात जास्त वरच्या खोलीत.

इंदूकाकू

काकू वाचल्या. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं धड वाचणार नाही.

दशमीच्या सकाळी त्या माझ्या खाटेपाशी बसल्या होत्या, वाती वळत. मला विचारलं, "मुक्ता बँकेत गेली का?" मी म्हटलं गेली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग म्हणाल्या, "बाई, इथे पोस्ट कुठे आहे?" काकू आमच्याकडे कित्येक वर्षं येतात, पोस्ट कुठे आहे ते त्यांना झोपेत सांगता येईल. मी हात धरला तर अंग भाजत होतं. ताप आला होता, कधीपासून कोण जाणे, आणि त्यांनी तो लपवला होता. विधीला बसू देणार नाहीत म्हणून.

मी ओरडून भाऊजींना बोलावलं. माझ्या छातीत तितका दम नव्हता, पण निघाला. ह्यांनी पेपर टाकला आणि रिक्षा आणली. गल्लीतून काकूंना भाऊजींनी उचलून नेलं.

त्याच दवाखान्यात, तीच डॉक्टरीण. लवकर आणलंत म्हणाली, आत्ताच औषध सुरू करू. पण काकू हात पुढे करेनात. पदराखाली घट्ट धरून बसल्या. नर्स सुई घेऊन उभी. शुद्ध येत-जात होती, पण हे एक त्यांना पक्कं होतं. "परवा तिथी आहे. मी इथे राहणार नाही. मला घरी न्या."

मी समजावलं, रागावले, हात जोडले. मुलाला फोन लावला, तो गाडीत होता, आवाज तुटत होता. मला स्वतःला उभं राहवत नव्हतं. मी त्यांच्या खाटेवरच बसले आणि म्हणाले, "काकू, मी या खाटेवर होते. मला मरायचं नव्हतं. तुम्हाला मरायचंय का खरं सांगा."

त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ते काशीत मरायचं सगळे म्हणतात, म्हणून मीपण म्हणते. मला भीती वाटते, वैजू. मला सांगलीला जायचंय. पण माझ्याशिवाय त्यांचं श्राद्ध कधी झालेलं नाही, ते टाकून मी जीव वाचवला असं झालं तर? वरती त्यांना काय तोंड दाखवू?"

मी विधीतली बाई नाही. मी भाऊजींकडे बघितलं. ते पायाशी उभे होते, उपरणं हातात चुरगळत. जन्मभर या माणसानं लोकांना तिथी चुकवू नका असं सांगितलं होतं.

ते पुढे आले आणि काकूंच्या कानाशी वाकले.

"काकू, तिथी दरवर्षी येते," ते म्हणाले. "चुकलं तर अमावास्येला करता येतं, तेही चुकलं तर पुढच्या वर्षी. काकांना मी सांगतो. माझ्या टाकीमुळे चुकलं असं सांगतो. तुम्ही बऱ्या व्हा."

"चालतं?" काकूंनी विचारलं.

"चालतं."

काकूंनी पदराखालून हात काढला, बाही वर केली आणि नर्सपुढे धरला.